हाताखाली शिकणे : तरुणांना कुशल कारागीर बनवणारी उमेदवारी कशी चालते

कामाच्या ठिकाणी जागा मिळणे आणि काम शिकायला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तरुणांना कुशल व्यवसायांत आणण्याच्या बऱ्याच योजना नेमक्या या फरकापाशी अडखळतात. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, फिटर, प्लंबर, सुतार किंवा गवंडी होऊ पाहणाऱ्या मुलाला वा मुलीला एखाद्या कारखान्यात किंवा बांधकामावर पाठवले, हजेरीपटावर नाव लागले आणि विद्यावेतन सुरू झाले, की योजनेच्या हिशेबात एक जागा भरते. त्या जागेवर उमेदवाराने सहा महिने सामानाची ने-आण केली की त्याच्या हाताला खरोखर काही वळण लागले, हे मात्र मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते. त्याला शिकवण्यासाठी एखाद्या अनुभवी कारागिराचा वेळ राखून ठेवलेला होता का? करार, कायदे, अनुदाने आणि परीक्षा ही सारी रचना शेवटी त्या वेळेची तजवीज करण्यासाठी असते, आणि तिच्याकडे त्या बाजूने पाहिले की ही गुंतागुंतीची वाटणारी व्यवस्था बरीच उलगडते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०२३ मध्ये दर्जेदार उमेदवारीविषयीची शिफारस क्रमांक २०८ स्वीकारली. उमेदवारी म्हणजे काय हे सांगताना तिने काही गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. उमेदवार आणि मालक यांच्यात करार हवा, शिकणाऱ्याला मोबदला हवा, प्रत्यक्ष कामावरचे आणि कामाबाहेरचे असे दोन्ही प्रकारचे शिक्षण आखून दिलेले हवे, आणि त्यातून मान्यताप्राप्त पात्रता मिळायला हवी. यांपैकी कामावरचा भाग वगळला तर उरतो तो वर्ग, आखणी आणि पात्रता वगळली तर उरते ती मदतनिसाची नोकरी, आणि मोबदला वगळला तर ज्यांच्या घरी तेवढा काळ कमाईवाचून निभावते त्यांनाच ही वाट खुली राहते.

ही अपेक्षा काही आजची नाही. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या, बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायदेसंहितेत असे कलम आहे की कारागिराने एखादे मूल वाढवायला घेऊन त्याला आपली कला शिकवली असेल तर ते मूल परत मागता येणार नाही, पण कला शिकवली नसेल तर त्या मुलाला वडिलांच्या घरी परत जाता येईल. म्हणजे शिकवणे हीच कराराची मुख्य अट होती, आणि ती न पाळणाऱ्या कारागिराचा मुलावरचा हक्क संपत होता. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने उमेदवारीला किमान सात वर्षांची मुदत घातली आणि ती तरतूद १८१४ मध्ये रद्द होईपर्यंत टिकली. वर्षे मोजणे सोपे असते आणि आलेले कौशल्य मोजणे अवघड, त्यामुळे असे नियम वर्षांवर भर देतात यात नवल नाही. आजच्या व्यवस्थांचा कल मात्र किती काळ काढला याच्या बरोबरीने काय करता येऊ लागले हे तपासण्याकडे आहे.

हात कसा बसतो

हातकाम शिकण्याची प्रक्रिया समजून घेण्यासाठी जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९७० च्या दशकात केलेले निरीक्षण फार उपयोगी आहे. त्यांनी लायबेरियातील शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. कपडा तयार होताना आधी कापड बेतले जाते, मग ते शिवले जाते आणि शेवटी बटणे, हातशिलाई, इस्त्री अशी उरलेली कामे होतात. उमेदवार मात्र साधारणपणे याच्या उलट क्रमाने शिकत होते. सुरुवातीला त्यांच्याकडे शेवटची कामे येत, त्यानंतर मशीनवरची शिलाई, आणि कात्री हातात येई ती सर्वांत शेवटी. याचे कारण सरळ आहे. चुकलेली टीप उसवता येते, परंतु चुकीचे कापलेले कापड वाया जाते. शिवाय तयार कपड्यावर शेवटचा हात फिरवताना मुलाला तो कपडा पूर्ण रूपात दिसतो, कोणता भाग कुठे जोडला आहे हे न सांगता कळते, आणि पुढे जेव्हा तो स्वतः शिवायला बसतो तेव्हा आपण कुठे पोहोचायचे आहे याचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे तयार असते.

उमेदवारीचा आराखडा करणाऱ्याने यातून घेण्याजोगी गोष्ट अशी, की कामांचा क्रम उत्पादनाच्या टप्प्यांप्रमाणे न लावता चुकीच्या किमतीप्रमाणे लावावा. इलेक्ट्रिशियनकडे शिकणाऱ्याने आधी पाइप बसवणे आणि वायर ओढणे, मग जोडण्या करणे, त्यानंतर बोर्ड भरणे, आणि बिघाड शोधणे अगदी शेवटी, हा क्रम त्याच तत्त्वावर बसतो. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापून आकार देणाऱ्या यंत्रावर, शिकणाऱ्याने तयार भागांची टोचणारी धार घासून काढणे आणि व्हर्नियरने मापे घेणे यापासून सुरुवात करावी, मग मापात थोडा फरक चालेल असे जाडेभरडे टर्निंग, म्हणजे फिरता तुकडा गोल कापणे, करावे आणि बारीक मापाचे काम व आटे पाडणे नंतर हाती घ्यावे. सुरुवातीची कामे क्षुल्लक दिसतात, आणि उमेदवारांची पहिली तक्रारही तीच असते. ती दूर करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग म्हणजे पुढचा टप्पा कोणता आणि तो साधारण कधी येणार, हे पहिल्याच आठवड्यात कागदावर दाखवणे. झाडू मारणे हा टप्पा असू शकतो, पण वर्षभर झाडूच मारायला लावला तर त्याला शिक्षण म्हणता येत नाही.

मार्गदर्शकाने या काळात नेमके काय करायचे, याची मांडणी ॲलन कॉलिन्स, जॉन सीली ब्राउन आणि सुझन न्यूमन या संशोधकांनी १९८९ मध्ये केली, आणि ती सोप्या शब्दांत सांगता येते. आधी करून दाखवायचे, मग उमेदवाराला करू देऊन बाजूला उभे राहून सूचना द्यायच्या, अवघड भागाला आधार द्यायचा, आणि त्याचा हात बसत जाईल तसा तो आधार हळूहळू काढून घ्यायचा. यातील करून दाखवण्याचा भाग जितका सोपा वाटतो तितका नसतो, कारण कसलेल्या कारागिराचे बरेचसे काम बाहेरून दिसतच नाही. वेल्डिंग पाहणाऱ्याला काळ्या काचेतून प्रकाशाचा ठिपका दिसतो, तर वेल्डर वितळलेल्या धातूच्या इवल्याशा डबक्याची रुंदी पाहत असतो आणि आर्कचा, म्हणजे धातू वितळवणाऱ्या विजेच्या ज्वाळेचा, आवाज बदलला की हात जवळ किंवा दूर नेत असतो. इलेक्ट्रिशियन एखाद्या सर्किटला हात लावण्यापूर्वी टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी लावून पाहतो, मग त्या सर्किटवर लावतो आणि नंतर पुन्हा चालू ठिकाणी लावतो. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला हे तीन वेळा टेकवणे दिसेल, पण सर्किट बंद असल्यामुळे टेस्टर गप्प आहे की टेस्टरच बिघडल्यामुळे गप्प आहे, हा त्यामागचा प्रश्न कुणी बोलून दाखवल्याशिवाय त्याला कळणार नाही. म्हणून चांगला मार्गदर्शक काम करताना मोठ्याने विचार करतो. वर्षानुवर्षे मुकाट्याने काम केलेल्या माणसाला ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

आधार काढून घेणे त्याहून अवघड. उमेदवार चुकतो आहे, वेळ जातो आहे, काम आजच द्यायचे आहे, अशा वेळी "दे इकडे, मी करतो" हे शब्द आपोआप तोंडून निघतात. एखाद्या दिवशी ते क्षम्य आहे. रोजच तसे होऊ लागले तर उमेदवार प्रेक्षक बनतो आणि दोन वर्षांनीही त्याने एकही काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत स्वतः केलेले नसते. कुठल्या चुकीला तत्काळ थांबवायचे आणि कुठली होऊ द्यायची, याचा नियम मार्गदर्शकाने आधीच ठरवून ठेवलेला बरा. जिवाला किंवा अवयवाला धोका असेल तिथे क्षणाचाही विलंब न लावता थांबवावे. लेथच्या चकमध्ये, म्हणजे तुकडा पकडून वेगाने फिरणाऱ्या भागात, तो आवळण्याची किल्ली तशीच ठेवून कुणी स्विचकडे हात नेत असेल तर तेव्हा प्रश्नोत्तरे करायची नसतात. चूक फक्त थोडे साहित्य किंवा अर्धा तास खाणार असेल, तर ती पूर्ण होऊ द्यावी आणि नंतर उमेदवाराकडूनच कारण काढून घ्यावे.

सुरक्षिततेचा विषय इथे ओघाने आलाच. नव्या जागी पहिल्या काही महिन्यांत अपघाताचा धोका अनुभवी कामगारांपेक्षा ठळकपणे जास्त असतो, आणि तरुण मुले शंका विचारायला संकोचतात म्हणून तो आणखी वाढतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या करार क्रमांक १३८ नुसार धोकादायक कामासाठी किमान वय १८ आहे, आणि काही अटींवर, पुरेसे प्रशिक्षण व संरक्षण असेल तरच, ते १६ पर्यंत खाली आणता येते. उमेदवारी कितीही चांगली असली तरी ती या मर्यादेच्या आतच बसवावी लागते.

शिकवणाऱ्याची तयारी

उत्तम कारागीर हा आपोआप उत्तम शिक्षक असतो, असे मानले जाते, आणि ते बऱ्याचदा खोटे ठरते. जर्मनीने हा प्रश्न गांभीर्याने घेतला. तिथे १९६९ च्या व्यावसायिक प्रशिक्षण कायद्यावर उभी असलेली दुहेरी पद्धत आहे, म्हणजे उमेदवार आठवड्यातील तीन-चार दिवस कंपनीत शिकतो आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो. मान्यताप्राप्त व्यवसायांची संख्या ३०० हून अधिक आहे आणि बहुतेकांचा कालावधी दोन ते साडेतीन वर्षांचा असतो. या पद्धतीत प्रशिक्षण देणाऱ्या व्यक्तीकडे आपल्या व्यवसायाचे ज्ञान असून भागत नाही. प्रशिक्षणाची आखणी, तयारी, प्रत्यक्ष शिकवणे आणि शेवट कसा करायचा यावरची वेगळी पात्रता तिला सिद्ध करावी लागते. २००३ मध्ये उमेदवारांसाठी जागा अपुऱ्या पडत होत्या, म्हणून अधिक कंपन्यांनी पुढे यावे यासाठी ही अट तात्पुरती स्थगित करण्यात आली. २००९ मध्ये, प्रशिक्षणाच्या दर्जाचा विचार करून, ती पुन्हा लागू झाली. जागा वाढवण्यासाठी शिकवणाऱ्याच्या पात्रतेवर पाणी सोडायचे का, हा मोह प्रत्येक व्यवस्थेला कधी ना कधी पडतो, आणि उमेदवारीचा भरपूर अनुभव असलेल्या देशालाही तो पडला ही बाब बोलकी आहे.

माझ्या मते मार्गदर्शक आणि वरिष्ठ या भूमिका शक्य तिथे वेगळ्या माणसांकडे असाव्यात. ज्याला दिवसाचे उत्पादन पूर्ण करून द्यायचे आहे, त्याच्यापुढे "मला हे अजून जमत नाही" असे कबूल करणे उमेदवाराला जड जाते. दोन माणसे नसतील तिथे निदान आठवड्यातून एक ठराविक वेळ अशी असावी जेव्हा उत्पादनाचा विषय निघणार नाही आणि फक्त काय आले, काय आले नाही एवढेच बोलले जाईल. आणखी एक गोष्ट कागदावर यायला हवी, ती म्हणजे मार्गदर्शकाच्या उद्दिष्टातील सूट. त्याच्याकडून पूर्वीइतकेच उत्पादन अपेक्षित धरले आणि वर उमेदवार सोपवला, तर तो उमेदवाराला टाळू लागतो, आणि त्यात त्याचा दोष फारसा नसतो.

या वेळेचे पैसे कोण देणार

इथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. मार्गदर्शकाचा वेळ म्हणजे पैसा, आणि तो खर्च करणाऱ्या मालकाला एकच भीती असते. आपण शिकवून तयार केलेला माणूस शेजारच्या कंपनीने चार पैसे जास्त देऊन नेला तर? अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात या भीतीची नीट मांडणी केली. जे कौशल्य एकाच कंपनीत उपयोगी पडते त्याचा खर्च उचलायला मालक तयार असतो, परंतु जे कुठेही चालते त्याचा फायदा कामगाराबरोबर निघून जातो, म्हणून त्याचा खर्च शेवटी कामगारालाच, बहुधा कमी वेतनाच्या रूपात, सोसावा लागतो. उमेदवाराचे वेतन पूर्ण कारागिरापेक्षा कमी का असते, याचे एक मोठे स्पष्टीकरण हेच आहे. पहिल्या काळात त्याच्या कामाची किंमत त्याच्यावर होणाऱ्या खर्चापेक्षा कमी असते आणि शेवटच्या काळात ती वेतनापेक्षा जास्त होते, आणि मालकाचा हिशेब जुळतो तो या शेवटच्या काळात. म्हणूनच फार आखूड उमेदवारी मालकाला परवडत नाही आणि फार लांबवलेली उमेदवारी म्हणजे स्वस्त मजुरी होऊन बसते.

स्वित्झर्लंड आणि जर्मनी यांची तुलना या बाबतीत उद्बोधक आहे. २००० च्या सुमाराच्या पाहण्यांत असे दिसले की स्विस कंपन्यांचा खर्च सरासरीने उमेदवारीच्या काळातच भरून निघत होता, तर जर्मन कंपन्यांना त्या काळात सरासरीने निव्वळ तोटा सोसावा लागत होता. एक कारण वेतनातील फरकाचे होते. दुसरे कारण असे की स्विस उमेदवारांना खऱ्या उत्पादक कामावर अधिक वेळ दिला जात होता आणि जर्मनीत केवळ सरावासाठीच्या कामांना जास्त वेळ जात होता. तरीही जर्मन कंपन्या उमेदवार घेत राहिल्या, कारण त्यांतले अनेक जण पुढे तिथेच टिकत आणि नवीन माणूस शोधण्याचा, पारखण्याचा आणि रुळवण्याचा खर्च वाचत असे.

जिथे बाजार स्वतःहून हे जुळवून आणत नाही, तिथे सरकारे मध्ये पडतात. डेन्मार्कमध्ये सर्व मालक एका सामाईक निधीत वर्गणी भरतात आणि उमेदवार शाळेत असताना त्याला दिलेल्या वेतनाची भरपाई त्यातून होते, म्हणजे जो शिकवत नाही त्यालाही शिकवणाऱ्याच्या खर्चात वाटा द्यावा लागतो. ब्रिटनने एप्रिल २०१७ पासून वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांपेक्षा जास्त असलेल्या मालकांवर ०.५ टक्क्यांचा उमेदवारी कर बसवला. तो पैसा प्रशिक्षण आणि मूल्यमापनासाठी वापरायचा होता, उमेदवाराच्या वेतनासाठी नाही. त्यातील बराच भाग नव्या तरुणांऐवजी आधीच नोकरीत असलेल्यांच्या प्रशिक्षणाकडे वळला, अशी टीका त्यावर झाली. भारताने १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात वेगळा मार्ग घेतला. सध्याच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके उमेदवार घेणे बंधनकारक आहे. सक्तीने संख्या निश्चित मिळते. मार्गदर्शकाचा वेळ मात्र टक्केवारीत बसवता येत नाही, आणि केवळ सक्ती पुरी करण्यासाठी घेतलेला उमेदवार बहुधा जिथे माणूस कमी पडतो तिथे उभा केला जातो. पैशाचा नियम आणि शिकवण्याचा नियम हे दोन्ही बरोबरीने नसतील, तर पहिला नियम दुसऱ्याला गिळतो.

लहान कार्यशाळांची अडचण निराळी असते. चार माणसांच्या जागेत एकच मिस्त्री असतो, कामाचे प्रकार मोजके असतात, आणि तीन वर्षे पुरेल एवढे काम हाती असेल याची खात्री मालकालाच नसते. ऑस्ट्रेलियात यावर गट प्रशिक्षण संस्थांचा उपाय आहे. उमेदवाराची मालक ही संस्थाच असते. ती करार करते, वेतनाची जबाबदारी घेते आणि उमेदवाराला वेगवेगळ्या यजमान कंपन्यांकडे पाठवते. एका जागी काम आटले तर तो दुसरीकडे जातो, आणि एकीकडे फक्त दुरुस्ती व दुसरीकडे फक्त नवी जोडणी होत असेल तर त्याला दोन्ही शिकायला मिळते. बांधकामासारख्या चढ-उताराच्या व्यवसायांत ही रचना मला सर्वांत व्यवहार्य वाटते, मात्र मार्गदर्शक बदलत राहतो ही तिची किंमत आहे, म्हणून संस्थेकडचा एक माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच उमेदवाराच्या संपर्कात असणे आवश्यक ठरते.

उमेदवाराच्या बाजूने

करारावर सही करण्यापूर्वी तरुणाने आणि त्याच्या पालकांनी विचारायचे प्रश्न वेतनापासून सुरू होतात, आणि ते साहजिक आहे, पण तिथेच थांबू नयेत. मला शिकवणार कोण, त्या व्यक्तीचे नाव काय, ती माझ्याच पाळीत असते का, वर्गासाठीचे दिवस कामाच्या दिवसांत धरले जातात का, आणि शेवटी परीक्षा कोण घेणार, या प्रश्नांची सरळ उत्तरे न देणाऱ्या ठिकाणी बहुधा फक्त मनुष्यबळ हवे असते. गणित किंवा वाचन कच्चे असलेल्या मुलांसाठी काही आठवड्यांचा पूर्वतयारी वर्ग फार उपयोगी पडतो. मापांचे रूपांतर, कोन, टक्केवारी आणि साधे रेखाचित्र वाचणे एवढे पक्के असले तरी पहिल्या महिन्यांतील बराच अपमान टळतो. ज्या व्यवसायांत मुली अजून कमी आहेत तिथे त्यांना एकटीने न पाठवता दोघी-तिघींना एकत्र जागा देणे, आणि कपडे बदलण्याची व स्वच्छतागृहाची सोय आधी पाहून घेणे, ही कामे भाषणांपेक्षा जास्त परिणाम करतात.

नोंदवही हा या साऱ्यातील सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. जर्मनीत अंतिम परीक्षेला बसण्यासाठी प्रशिक्षणाची नियमित नोंद ठेवलेली असणे ही अट आहे. कोणत्या आठवड्यात कोणते काम केले, कुठे अडले आणि मार्गदर्शकाने काय सांगितले हे लिहिले गेले की तीन महिने तेच एक काम चालू आहे हे दोघांच्याही डोळ्यांत भरते. ती परीक्षाही कंपनी स्वतः घेत नाही. परीक्षा समितीत मालकांचे, कामगारांचे आणि व्यवसाय शाळेच्या शिक्षकांचे प्रतिनिधी असतात. त्यामुळे प्रमाणपत्राला त्या एका कंपनीच्या भिंतीबाहेर किंमत येते, आणि मालकालाही आपला उमेदवार बाहेरच्या लोकांसमोर उभा राहणार याचे भान ठेवावे लागते.

सगळे करार शेवटाला जात नाहीत. जर्मनीतही पाव किंवा त्याहून थोडे अधिक प्रशिक्षण करार मुदतीपूर्वी संपतात, मात्र त्यांतले बरेच जण दुसऱ्या कंपनीत किंवा दुसऱ्या व्यवसायात नवा करार करतात. तिथे सुरुवातीचा एक ते चार महिन्यांचा काळ एकमेकांना पारखण्याचा काळ धरला जातो आणि त्यात दोन्ही बाजूंना पूर्वसूचनेशिवाय बाहेर पडता येते. या काळात व्यवसाय आवडला नाही असे निघाले तर ते अपयश मानण्याचे कारण नाही. व्यवसाय आवडला पण मार्गदर्शकाशी पटले नाही, ही परिस्थिती जास्त नाजूक असते, आणि तिथे कंपनीबाहेरचा मध्यस्थ लागतो, जो दोघांशी स्वतंत्रपणे बोलेल आणि गरज पडली तर उमेदवाराला त्याच व्यवसायात दुसरीकडे हलवेल. अशा वेळी नोंदवही सोबत गेली आणि आधी शिकलेला भाग नव्या ठिकाणी मान्य झाला, तर उमेदवाराला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागत नाही.